आल्फ्रेड बिने आणि ‘ढ’ मुले

हुशार मुले ‘अ’ तुकडीत आणि ‘ढ’ मुले ‘ड’ तुकडीत बसवावीत की नाही, हा वाद आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्यात बुद्धिमापन चाचणीचा दाखला हटकून निघतो. म्हणून त्या चाचणीचे जनक आल्फ्रेड बिने यांचे चरित्र आज मुद्दाम सांगावेसे वाटते.

बिने यांचा जन्म १८५७ साली नीस येथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. कायद्याची पदवी घेऊनही त्यांनी वकिली केली नाही; पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते मानसशास्त्र आपले आपण शिकले. विख्यात डॉक्टर शार्को यांच्या रुग्णालयात त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले. ते पुढे चुकीचे ठरले आणि बिने यांना तसे जाहीरपणे मान्य करावे लागले. तेव्हापासून स्वतःच्या निष्कर्षांकडेही ते संशयाने पाहू लागले. डोक्याच्या मापावरून बुद्धी ओळखण्याचा प्रघात होता. बिने यांनीही मुलांची डोकी मोजली, पण फरक अगदी थोडा निघाला. शिवाय मोजणाऱ्याचा पूर्वग्रह मापात उतरतो, हे त्यांच्या ध्यानी आले. घरी माडलेन आणि आलीस या आपल्या मुलींचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. एकाच घरात वाढलेल्या दोघींची विचार करण्याची ठेवण मात्र निराळी होती.

फ्रान्सने १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सक्ती आली की एका वर्गात नाना तऱ्हेची मुले येणारच. मागे पडणाऱ्या मुलांचे काय करावे, हे ठरविण्यासाठी १९०४ साली सरकारने समिती नेमली. बिने तिचे सभासद होते. शिक्षकाच्या लहरीवर कोणाही मुलाला मंदबुद्धी ठरवू नये, यासाठी त्यांनी तेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ साली ३० प्रश्नांची चाचणी रचली. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या बडोदे संस्थानात सर्वत्र शिक्षण सक्तीचे केले, त्याच सुमाराची ही गोष्ट.

निवडलेल्या मुलांना लहान वर्ग, जाणता शिक्षक आणि लक्ष, स्मरण, निश्चय यांचे व्यायाम मिळावेत, हा बिने यांचा हेतू होता. बुद्धी जन्मतः ठरलेली असून ती वाढत नाही, या मताचा त्यांनी १९०९ सालच्या आपल्या ग्रंथात कडक शब्दांत निषेध केला. १९११ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी, ते वारले.

त्यांच्या मागे चाचणीचा प्रवास उलट दिशेने झाला. १९१२ साली जर्मनीच्या स्टर्न यांनी बुद्धीचा भागाकार काढण्याची रीत सुचविली. १९१६ साली अमेरिकेच्या टर्मन यांनी तो गुणांक रूढ केला, आणि बुद्धी वंशातून येते असे मानून मुलांची प्रतवारी होऊ लागली. कामत यांनी ही चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली. त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला.

मला वाटते, तुकड्या पाडणे हेच पाप नव्हे. एखाद्या विषयात कच्ची मुले काही महिने वेगळी बसवून त्यांना उत्तम शिक्षक दिला, तर ते बिने यांच्या मनासारखेच होईल. परंतु खालच्या तुकडीला सर्वांत नवखा शिक्षक द्यायचा आणि मुलाला मॅट्रिकपर्यंत तेथेच ठेवायचे, ही त्यांच्या कार्याची विटंबना होय. आपल्या मुलाला कोणती तुकडी मिळाली, हे पालक नेहमी विचारतात. गेल्या वर्षी खालच्या तुकडीतून किती मुले वर आली, हेही त्यांनी शाळेला विचारावे.