डॉ. प्रिसिला व्हाइट : आईचा मधुमेह, बाळाचा जीव

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये लागला. त्याआधी मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस गेले, तर तिच्या आणि बाळाच्या दोघांच्याही जिवाला घोर असे. इन्सुलिनमुळे आया वाचू लागल्या. बाळे मात्र दगावतच राहिली. या बाळांसाठी अमेरिकेतील बोस्टनच्या डॉ. प्रिसिला व्हाइट यांनी पन्नास वर्षे वेचली.

१९०० मध्ये जन्मलेल्या व्हाइट यांनी १९२३ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. पुढच्याच वर्षी त्या मधुमेहतज्ज्ञ डॉ. इलियट जोसलिन यांच्याकडे रुजू झाल्या. तेव्हा तिथल्या मधुमेही मातांच्या शंभर बाळांपैकी जेमतेम ५४ जगत.

सुरुवातीला त्यांच्याकडे मधुमेही मुलांची जबाबदारी होती. या मुलांच्या घरात आणखी कोणाला मधुमेह आहे, याच्या नोंदी हाताशी होत्या. शेकडो कुटुंबांचा असा इतिहास तपासून १९३३ मध्ये त्यांनी ग्रेगरी पिंकस यांच्यासह एक निष्कर्ष मांडला : मधुमेह आनुवंशिक आहे आणि तो एकाच जनुकामुळे येतो.

यातला पहिला भाग टिकला, दुसरा नाही. मधुमेहामागे अनेक जनुके असतात आणि बहुतेकांचा वाटा थोडाथोडा असतो, हे आता कळले आहे. गर्भारपणात वारेतील संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. ही तूट भरून काढण्यासाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावे लागते. ‘एमटीएनआर१बी’, ‘टीसीएफ७एल२’ यांसारख्या जनुकांची विशिष्ट रूपे असतील, तर स्वादुपिंड त्यात कमी पडू शकते. त्यामुळे पूर्वी कधीही मधुमेह नसलेल्या स्त्रीचीही साखर वाढते. वाढलेले वजन आणि वय हा धोका आणखी वाढवतात.

आनुवंशिकता मान्य करूनही व्हाइट यांनी ती नशिबावर सोडली नाही. १९४९ मध्ये त्यांनी मधुमेही गर्भवतींची वर्गवारी मांडली. आजार कोणत्या वयात सुरू झाला, किती वर्षांचा आहे, रक्तवाहिन्यांना इजा झाली आहे का, यावरून धोका ठरवायचा आणि त्याप्रमाणे काळजी घ्यायची. आहार, इन्सुलिन, वारंवार तपासणी आणि योग्य वेळी प्रसूती यांवर त्यांचा भर होता.

१९६० मध्ये त्यांना बँटिंग पदक मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९७४ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा शंभरातील नव्वदहून अधिक बाळे जगत होती. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

घरात मधुमेह कोणाला आहे, हा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे. आई, वडील किंवा सख्ख्या बहिणीला मधुमेह असेल, तर गर्भवतीने पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. तेव्हा साखर योग्य प्रमाणात आढळली, तरी २४ ते २८ आठवड्यांदरम्यानची तपासणी टाळू नये. बाळंतपणानंतरही साखर तपासून घ्यावी, कारण पुढे मधुमेह होण्याची शक्यता राहते.