डॉ. जोसेफ गोल्डबर्गर

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एका भयंकर रोगाने थैमान घातले होते. त्या रोगाचे नाव पेलाग्रा. वसंत ऋतूचे ऊन तापू लागले, की रोग्याच्या हातांवर, मानेवर व चेहऱ्यावर तांबडे चट्टे उठत. कातडी काळवंडून तिच्या खपल्या निघत. पुढे अतिसार सुरू होई आणि शेवटी रोग मेंदूपर्यंत पोचे. मग रोग्याची स्मरणशक्ती नाहीशी होई, घरच्या माणसांचीही ओळख त्याला पटेनाशी होई. दक्षिणेतील मनोरुग्णालयांत अशा अभाग्यांची गर्दी असे. १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत सुमारे ३० लाख लोकांना हा रोग जडला व सुमारे १ लाख लोक दगावले, असा अंदाज आहे. या रोगाचे मूळ ज्यांनी शोधून काढले, ते डॉ. जोसेफ गोल्डबर्गर.

गोल्डबर्गर यांचा जन्म १६ जुलै १८७४ रोजी आजच्या स्लोव्हाकियातील एका खेड्यात, गरीब ज्यू कुटुंबात झाला. १८८३ मध्ये हे कुटुंब पोटासाठी अमेरिकेस गेले. न्यूयॉर्कच्या एका दाट वस्तीत वडिलांनी किराण्याचे दुकान थाटले. छोटा जोसेफ शाळा सांभाळून गिऱ्हाइकांच्या घरी सामान पोचवीत असे. प्रथम ते स्थापत्यशास्त्र शिकू लागले. परंतु वैद्यकावरील एक व्याख्यान ऐकून त्यांचे मन पालटले. १८९५ मध्ये ते डॉक्टर झाले व १८९९ मध्ये सरकारी आरोग्यखात्यात रुजू झाले. साथीच्या रोगांशी झुंजताना पीतज्वर, डेंग्यू व टायफस या तीन रोगांनी त्यांना स्वतःलाही गाठले. पण त्यांनी आपले काम सोडले नाही.

१९१४ मध्ये पेलाग्राच्या शोधाची कामगिरी त्यांच्यावर सोपविण्यात आली. हा रोग जंतूंमुळे पसरतो, असे त्या वेळी बहुतेक वैद्य मानीत. गोल्डबर्गर मात्र प्रथम डोळे उघडे ठेवून हिंडले. मनोरुग्णालयांत रोगी शेकड्यांनी आजारी पडत. पण त्यांच्यातच वावरणाऱ्या परिचारिकांना व सेवकांना रोग शिवतही नसे. रोग संसर्गजन्य असता, तर त्याने असा भेदभाव का केला असता?

मिसिसिपी राज्यातील जॅक्सन गावच्या अनाथाश्रमांत त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. तेथे रोग होई तो मुख्यतः सहा ते बारा वर्षांच्या मुलांना. लहानग्यांना दूध मिळे. मोठी मुले काम करीत, म्हणून त्यांना मांस मिळे. मधल्या मुलांच्या वाट्याला मात्र मक्याचे पदार्थ आणि काकवी, एवढेच येई. गोल्डबर्गर यांनी सर्व मुलांना दूध, अंडी, मांस व कडधान्ये देण्याची व्यवस्था केली. वर्षभरात त्या आश्रमांतून पेलाग्रा जवळजवळ हद्दपार झाला.

१९१५ मध्ये त्यांनी उलट प्रयोग केला. शिक्षा माफ होईल या अटीवर तुरुंगातील बारा कैदी निकृष्ट आहार घेण्यास तयार झाले. त्यांतील अकरा जण शेवटपर्यंत टिकले व त्यांपैकी सहा जणांच्या अंगावर पेलाग्राची लक्षणे उमटली. कैद्यांवर असे प्रयोग करणे आज उचित मानले जात नाही. पण रोगाचे कारण आहारात आहे, हे त्यामुळे दिसून आले.

तरीही टीकाकारांना ते पटेना. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी स्वतःचाच देह पणाला लावला. रोग्याचे रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतले. रोग्यांच्या कातडीच्या खपल्या व मलमूत्र पिठात मिसळून केलेल्या गोळ्या त्यांनी गिळल्या. त्यांच्या काही सहकाऱ्यांनीही त्यांना साथ दिली. पत्नी मेरी यांनीही निर्धाराने रोग्याचे रक्त टोचून घेतले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

पुढे कापडगिरण्यांच्या वस्त्यांतील कुटुंबांची पाहणी करून त्यांनी दाखवून दिले, की कमाई जितकी तुटपुंजी, तितका रोग अधिक. या रोगाचे खरे मूळ दारिद्र्यात होते. हे सत्य दक्षिणेतील पुढाऱ्यांना रुचले नाही. आपल्या प्रांताची बदनामी होते, असे त्यांना वाटले. गोल्डबर्गर मात्र सत्यापासून ढळले नाहीत. गरिबाला परवडेल असा उपाय शोधताना त्यांना यीस्ट गुणकारी असल्याचे आढळले. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला, तेव्हा पूरग्रस्तांना यीस्ट वाटण्यात आले व अनेकांचे प्राण वाचले.

१७ जानेवारी १९२९ रोजी कर्करोगाने त्यांचा अंत झाला. आहारातील नेमके कोणते द्रव्य रोग टाळते, हे कळण्यापूर्वीच ते गेले. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्वेजेम यांनी ते द्रव्य ओळखले. तेच नायसिन हे जीवनसत्त्व होय. मक्यात ते असते. पण शरीराला सहजी मिळत नाही. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत, त्यामुळे ते मोकळे होई व त्यांना पेलाग्रा क्वचितच होई. नायसिन मिळताच कित्येक भ्रमिष्ट रोगी काही दिवसांत शुद्धीवर आले. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतही पूर्वी हा रोग आढळला आहे.

जीवनसत्त्वे आणि मेंदू यांचा संबंध शोधण्याचे काम अजून चालू आहे. जीवनसत्त्वांची रोज एक गोळी घेतल्याने वृद्धांच्या स्मरणशक्तीला थोडा लाभ होतो, असे अमेरिकेत २०२२ ते २०२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत दिसून आले. तथापि गोळी ही चौरस आहाराची जागा घेऊ शकत नाही. माणसाची बुद्धी आणि स्मृती त्याच्या ताटातील अन्नावरही अवलंबून असते, आणि ते ताट भरलेले असावे ही साऱ्या समाजाची जबाबदारी आहे, हेच गोल्डबर्गर यांनी आयुष्यभर झिजून जगाला दाखवून दिले.