दिवसाची पाळी मिळाली म्हणून

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत महागडे उपकरण एखादेच असते आणि संशोधक अनेक. त्यामुळे नवख्या विद्यार्थ्याला आधी वेळ नोंदवावी लागते आणि आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. अशी एक पाळी किती मोलाची ठरू शकते, हे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांच्या आयुष्यात दिसते.

दुर्गाबाई भागवत यांच्या या धाकट्या बहिणीने १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, तेव्हा वर्षभराच्या परीक्षाकाळाची अट घालून तो मिळाला.

पुढे केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागाच शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल दिवसा कमलाबाईंना दिले आणि स्वतः ते रात्री काम करू लागले. नंतर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम करताना कमलाबाईंना बटाट्यात ‘सायटोक्रोम सी’ सापडले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे हे प्रथिन स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिल्यास वर्णपटातील ठरावीक जागच्या काळ्या पट्ट्यांवरून ओळखता येते. या कामावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. कुपोषितांच्या आहाराला त्याचा आधार मिळाला. त्या वाटेवर रिक्टर यांच्या टेबलावरची दिवसाची पाळीही होती.