कुरणशाळेच्या ताराबाई

मुंबई विश्वविद्यालयाची पदवी मिळविणाऱ्या स्त्रिया ज्या काळी थोड्याच होत्या, त्या काळी, म्हणजे १९१४ साली, ताराबाई मोडक पदवीधर झाल्या. त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. पुढे राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. परंतु ही मानाची जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका लहान मुलांची एक निराळीच शाळा चालवीत होते.

निराळी ती कशी? त्या वेळच्या बहुतेक शाळांत गुरुजी फळ्यावर जे काढीत, तेच प्रत्येक पाटीवर उतरे. जो चुके, त्याच्या हातावर छडी बसे. भावनगरच्या बालमंदिरात छडीला थारा नव्हता. मूल चित्र काढी, गाई, नाटक करी, आणि हाती काय घ्यावयाचे ते पुष्कळदा त्याचे तेच ठरवी. इटलीतील मारिया माँटेसरी या विदुषीच्या विचारांवर ही पद्धती उभी होती. तिच्या प्रसारासाठी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार उघडला.

शिशुविहार नावारूपास आला. पण माँटेसरीची साधने महाग; ती शहरातील सुखवस्तू मुलांच्याच हाती पडत. मग खेड्यातील मुलांनी काय करावे? १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे सहकारी म्हणून लाभल्या. शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या हीच आता साधने झाली. मोजणे, जुळविणे, आकृती मांडणे सारे त्यांवर होई. आणि दोन शिंपले कधी सारखे नसतात, तेथे दोन मुलांची मांडणी तरी सारखी का असावी!

तरीही पुष्कळ मुले येईनात. घरी धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार? तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊन झोपडीपुढच्या अंगणात मुले जमवू लागल्या. हीच अंगणवाडी होय.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या वस्तीत गेले. अडाणी म्हणून या लोकांना बाजूस सारण्याची रीत होती. ज्यांच्या कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाची इतकी बोलकी चित्रे उमटतात, त्यांची मुले मंद कशी असतील? पण त्यांतील थोरली मुले दिवसभर गुरांमागे असत. म्हणून शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. गुरे चरत, आणि जवळच मुलांचे शिक्षण चाले.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोन वर्षांनी केंद्र सरकारने देशभर बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.