कल्याणपर्यंतचा करार : जेम्स बर्कले

ठाण्याची खाडी ओलांडून मुंब्रा, दिवा, डोंबिवलीमार्गे कल्याण गाठणाऱ्या धीम्या लोकलमध्ये रोज लाखो माणसे उभी असतात. हा मार्ग प्रथम आखणाऱ्या अभियंत्याचे नाव त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जेम्स जॉन बर्कले यांचा जन्म 21 ऑक्टोबर 1819 रोजी लंडनजवळील हॉलोवे येथे झाला. किंग्ज कॉलेजातील शिक्षण आणि काही वर्षांची उमेदवारी झाल्यावर ते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली आले आणि रेल्वेबांधणीतले खरे शिक्षण त्यांना तेथेच मिळाले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य निवासी अभियंता म्हणून फेब्रुवारी 1850 मध्ये ते मुंबईत उतरले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे तीस.

हाती असलेला कागद मात्र तोकडा होता. 17 ऑगस्ट 1849 रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि रेल्वे कंपनी यांच्यात करार झाला. त्यानुसार सुमारे 35 मैलांचा, म्हणजे कल्याणच्या आसपास पोहोचणारा एक प्रायोगिक मार्ग तेवढा मंजूर झाला होता. त्याच करारात असेही नमूद होते की हा तुकडा मुंबईला खानदेश-वऱ्हाडाशी आणि पुढे इतर इलाख्यांशी जोडणाऱ्या थोरल्या मार्गाचा भाग असावा. काम प्रयोगापुरते करायचे, पण ते देशाच्या मापाचे असले पाहिजे! गुंतवलेल्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिल्यामुळे प्रत्येक आराखडा सरकारी सल्लागार अभियंत्याच्या नजरेखालून जाई. लंडनचे संचालक, मुंबईचे सरकार आणि कलकत्त्याचे गव्हर्नर जनरल असे तीन धनी या एका मार्गाला होते. प्रकल्प व्यवस्थापनाची पुस्तके आज कामाची व्याप्ती आधी ठरवून घ्या म्हणून बजावतात. बर्कले यांना ती सोय नव्हती.

रुळांमधले अंतर किती असावे, हेदेखील ते आले तेव्हा नक्की नव्हते. इंग्लंडात 4 फूट साडेआठ इंचांचे माप रुळलेले होते. लॉर्ड डलहौसी यांना 6 फूट हवे होते. अखेर तडजोड होऊन 5 फूट 6 इंच ठरले आणि भारतातील ‘ब्रॉडगेज’ ती हीच.

31 ऑक्टोबर 1850 रोजी शीव येथे कामाचा आरंभ झाला. पहिले कंत्राट फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांकडे होते. पुढील काही कामे बर्कले यांच्या काळात जमशेदजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराकडे गेली आणि ती त्यांनी उत्तम निभावली. 16 एप्रिल 1853 रोजी 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन गाडी बोरीबंदरहून ठाण्याला पोहोचली. रेल्वेचे मोठे पुरस्कर्ते, मुरबाडचे नाना शंकरशेट, त्या प्रवाशांत होते. या दिवसाचे कौतुक दीडशे वर्षे होत आले आहे. तरीही अभियंत्याच्या दृष्टीने ठाणे हा निम्मा रस्ताही नव्हता असे म्हणावे लागेल, कारण पैसा आणि कौशल्य पणाला लावणारी कामे त्यापुढे होती. खाडीवर पूल बांधताना गलबतांना वाट मोकळी ठेवावी लागली, तर पारसिकच्या डोंगराच्या कडेने बोगदे खणावे लागले. (जलद गाड्यांचा मोठा पारसिक बोगदा बराच नंतरचा, 1916 चा.) 1 मे 1854 रोजी गाडी कल्याणला पोहोचली आणि करारातला मजकूर तेथे संपला.

बर्कले यांची योग्यता दिसते ती त्यापुढे. रेल्वेचे मूळ प्रवर्तक जॉन चॅपमन यांच्या योजनेत सह्याद्री ओलांडण्यासाठी माळशेज घाट होता. कल्याणहून मुरबाडमार्गे जेथे जाता येते तोच हा घाट. तो निवडला असता तर एकाच चढणीने दख्खन गाठता आले असते. बर्कले यांनी डोंगर स्वतः पाहिला आणि माळशेजचा चढ परवडणारा नाही असे ठरवले. त्याऐवजी त्यांनी दोन घाट सुचवले. नाशिक-खानदेशाकडे थळ घाट आणि पुण्याकडे बोर घाट. वरकरणी काम दुप्पट झाले, पण प्रत्येक काम करता येण्याजोगे झाले. आजही कसारा आणि कर्जतच्या गाड्या कल्याणला फुटतात, त्या या निर्णयामुळे.

बोर घाटात सुमारे 25 किलोमीटरच्या अंतरात 1831 फूट चढायचे होते. सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना एक फूट इतका होता. बोगदे 25. कड्यावर वळायला जागा नसेल तेथे गाडी एका टोकाला नेऊन इंजिन दुसऱ्या बाजूला जोडायचे आणि उलट दिशेने वर न्यायची, असे उलटफेरीचे स्थानक त्यांनी योजले. त्याने वेळ मोडे. मात्र आणखी लांब बोगदे खोदण्याचा खर्च वाचे. 1856 मध्ये काम सुरू झाले. कॉलऱ्याने मजूर मेले, मजुरीवरून 1859 च्या आरंभी दंगा झाला आणि त्याच वर्षी कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत आल्यावर काही आठवड्यांतच वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट स्वीकारून ते तडीस नेले. घाट तयार होईपर्यंत खोपोली ते खंडाळा हे अंतर प्रवासी पालखीने, तट्टावर किंवा बैलगाडीने कापत.

भारतीय रेल्वेवरील निबंधासाठी लंडनच्या सिव्हिल इंजिनीअर्सच्या संस्थेने बर्कले यांना टेलफर्ड पदक दिले. मुंबई विद्यापीठाच्या सेनेटचेही ते सदस्य होते. शरीर मात्र मुंबईच्या हवेने आणि घाटांच्या दगदगीने खंगले होते. 1861 मध्ये ते मायदेशी परतले आणि 25 ऑगस्ट 1862 रोजी सिडनहॅम येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वय 42 होते.

बोर घाट 1863 मध्ये आणि थळ घाट 1865 मध्ये सुरू झाला. ही दोन्ही उद्घाटने त्यांना पाहता आली नाहीत. 1867 मध्ये बोर घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला आणि त्या काळच्या पुलांच्या बांधणीचा कच्चेपणा उघड झाला. घाईने आणि ठरीव रकमेत उरकलेल्या कामाचे हे देणे होते व त्याचा काही भाग मुख्य अभियंत्याच्या नावावरही जमा करावा लागेल. आखणी मात्र टिकली. उलटफेरीचे स्थानक 1929 मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद पडले.