अध्यापक भोजराजा

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. दोन्ही घराणी आपले मूळ परमार कुळात पाहतात, आणि परमार म्हटले की भोजराजाचे नाव ओघानेच येते. संस्थाने १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली, पुढे १९५६ साली मध्यभारतही मध्यप्रदेशात मिळाला. माळव्यातील मराठी माणसाच्या तोंडी भोजाचे नाव आता राहिले आहे ते बहुधा गंगू तेल्याच्या म्हणीपुरते. त्या म्हणीतील भोज हा वैभवाचा कळस. सोळाव्या शतकातील बल्लाळाच्या भोजप्रबंधाने हे चित्र अधिकच रंगविले. कालिदास, बाण, भवभूती असे वेगवेगळ्या शतकांतील कवी एकाच सभेत आणून बसविले, आणि राजाला एकेका श्लोकावर लक्ष लक्ष मुद्रा उधळावयास लावले. हा दाता भोज सर्वांच्या परिचयाचा आहे. आम्हांस येथे लिहावयाचे आहे ते अध्यापक भोजाविषयी.

विद्यापीठातील आचार्यांना शिकविण्याची प्रेरणा कोठून मिळते, हा प्रश्न विद्वानांच्या बैठकीत वारंवार निघतो. वेतन, पद, प्रतिष्ठा, ग्रंथकर्तृत्व अशी त्याची उत्तरे दिली जातात. ही उत्तरे असत्य आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याला यांपैकी कशाचीच वाण नव्हती, ज्याच्या चारही सीमांवर शत्रू होते आणि ज्याला एक क्षणाचीही उसंत मिळू नये अशीच परिस्थिती होती, असा मनुष्य विद्यार्थ्यांसाठी ग्रंथ लिहीत बसला, तर त्याच्या प्रेरणेचा शोध अन्यत्र घ्यावा लागेल.

भोज हा सिंधुराजाचा पुत्र आणि वाक्पतिराज मुंजाचा पुतण्या. त्याच्या पितामहाने, म्हणजे सीयकाने, इ. स. ९७२ मध्ये राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली होती. मुंज स्वतः कवी व कवींचा आश्रयदाता. कल्याणीच्या चालुक्य तैलपाच्या कैदेत त्याचा अंत झाला. ते वैर घेऊनच भोज इ. स. १०१० च्या सुमारास सिंहासनावर आला. इ. स. १०२० मध्ये त्याने कोकणविजयाच्या पर्वावर भूमिदाने केली. त्यांतील एक ताम्रपट इंदूर आणि धार यांच्यामधील बेटमा येथे सापडला आहे. इ. स. १०३० च्या सुमारास भारतविषयक ग्रंथ लिहिणारा अल्बेरुनी धारेचा आणि तेथे राज्य करणाऱ्या भोजाचा उल्लेख करतो. पुढे चालुक्य सोमेश्वराने खुद्द धारानगरीवर चाल करून ती लुटली. शेवटी गुजरातचा भीम आणि त्रिपुरीचा कलचुरी कर्ण एकत्र आले, आणि त्याच धामधुमीत, इ. स. १०५५ च्या सुमारास, भोजाचे निधन झाले. सुमारे पंचेचाळीस वर्षांची ही कारकीर्द अशी रणातच गेली.

याच पंचेचाळीस वर्षांत व्याकरण, अलंकार, योग, वास्तू, ज्योतिष, वैद्यक आणि शैवसिद्धांत या विषयांवरील ग्रंथ त्याच्या नावे झाले. एकट्या मनुष्याकडून एवढे लेखन व्हावे हे शक्य कोटीतले नाही, सभेतील पंडितांचा हात त्यात असलाच पाहिजे, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही; पंडितांचे साह्य त्याने घेतले असेल, नव्हे घेतलेच असेल. तथापि या ग्रंथांतून शिकणाऱ्याकडे पाहण्याची एकच एक दृष्टी सर्वत्र आढळते, आणि ती दृष्टी कोणी भाड्याने दिलेली वाटत नाही.

त्या दृष्टीचा स्पष्ट पुरावा पातंजल योगसूत्रांवरील राजमार्तंड वृत्तीच्या आरंभी मिळतो. तेथे भोज प्रथम स्वतःची ओळख देतो. व्याकरण रचून वाणीचा, योगसूत्रांवर वृत्ती लिहून चित्ताचा आणि वैद्यकावर राजमृगांक लिहून शरीराचा मळ आपण पतंजलीप्रमाणे काढून टाकला, असे तो सांगतो, आणि या तीन कामांशेजारी आपले रणरंगमल्ल हे बिरुद ठेवतो. रणांगणातील मल्ल म्हणवून घेणाऱ्याने पराक्रम म्हणून तीन ग्रंथ सांगावेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यानंतर तो टीकाकारांवर घसरतो. जे खरोखर कठीण असते ते हे लोक अर्थ स्पष्ट आहे असे म्हणून सोडून देतात. जे मुळातच स्पष्ट आहे त्यावर मात्र निरर्थक समास वगैरे सोडवीत पाल्हाळ लावतात. नको त्या ठिकाणी निरुपयोगी चर्चा करून ऐकणाऱ्यांना भ्रमात टाकतात. अशी त्याची तक्रार आहे, आणि तिच्या कक्षेतून त्याने एकाही टीकाकाराला वगळलेले नाही.

सुज्ञ वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भोज ऐकणाऱ्यांचा उल्लेख करतो, वाचणाऱ्यांचा नव्हे. त्याच्या डोळ्यांसमोर पोथी नाही, तर गुरूसमोर बसलेला शिष्य आहे. प्रतिपक्षाच्या सिद्धांतात दोष काढणे हे पंडिताचे काम. परंतु समजावून सांगण्याच्या रीतीत दोष काढतो तो एके काळी खाली बसून ऐकलेला, अडलेला आणि पुढे ढकलला गेलेला विद्यार्थीच. आम्ही पाठशाळेत शिकवितो. कौमुदी शिकणारा मुलगा एखाद्या सूत्रापाशी अडतो, प्रश्न विचारावा की नाही अशा विचाराने क्षणभर मान वर करतो, आणि समोरून हे तर उघडच आहे असे उत्तर आले की पुन्हा मान खाली घालतो. हे दृश्य कोणत्याही पाठशाळेत आणि कोणत्याही महाविद्यालयात दिसेल. तो मुलगा पुढे बहुधा पाठ करून उत्तीर्ण होतो. क्वचित एखादा मात्र ती वर केलेली मान विसरत नाही. आमच्या मते भोज हा असा एक होता, आणि त्याला राज्य मिळाले हा केवळ योगायोग.

सरस्वतीकंठाभरण या नावाचे त्याचे दोन ग्रंथ आहेत, एक व्याकरणाचा व दुसरा अलंकारांचा. व्याकरणाच्या ग्रंथात पाणिनीप्रमाणेच आठ अध्याय आणि प्रत्येकी चार पाद आहेत, पण सूत्रे सहा हजारांहून अधिक. पाणिनीची सुमारे चार हजार. ही वाढ कशाने झाली? पाणिनी शिकणाऱ्याला सूत्रपाठाबरोबर गणपाठ वेगळा, उणादी वेगळी, परिभाषा वेगळ्या, वर कात्यायनाची वार्त्तिके वेगळी, असा पसारा सांभाळावा लागतो. भोजाने हे सारे सूत्रांतच ओवले. लौकिक भाषेचा विचार पहिल्या सात अध्यायांत पुरा केला आणि वैदिक प्रक्रिया व स्वर आठव्यात ठेवले. विद्यार्थ्याला दहा ठिकाणी धावावे लागू नये हाच यातील हेतू. हेतू स्तुत्य असला तरी तो सर्वस्वी सफल झाला असे म्हणवत नाही. पाणिनीच्या सूत्रांत जी घट्ट वीण आहे ती येथे सैल पडली, आणि घोकणाऱ्या मुलाला चार हजारांपेक्षा सहा हजार जडच. पाठशाळांत पाणिनीच राहिला. शिष्याविषयीच्या कळवळ्यानेही ग्रंथ भारी होऊ शकतो, हे अध्यापकांनी भोजाकडून शिकावे.

अलंकारांच्या ग्रंथात आणि छत्तीस प्रकाशांच्या शृंगारप्रकाशात त्याने लक्षणांपेक्षा उदाहरणांवर अधिक विसंबून काम केले आहे. उदाहरणामागून उदाहरण येते, संस्कृतातील तसेच प्राकृतातीलही. विशाखदत्ताच्या देवीचंद्रगुप्त नाटकासारखे लुप्त झालेले ग्रंथ तुकड्यांच्या रूपाने आपल्यापर्यंत पोचले, त्यात शृंगारप्रकाशाचा वाटा मोठा आहे.

समरांगणसूत्रधार या वास्तुग्रंथात तो स्थपतीच्या शिक्षणाविषयी बोलतो. ज्याला शास्त्र ठाऊक आहे पण हाताने काम केलेले नाही, तो प्रत्यक्ष कामाच्या वेळी रणातल्या भित्र्यासारखा गांगरतो. आणि ज्याला काम येते पण शास्त्र नाही, तो आंधळ्यासारखा दुसऱ्याच्या हाताने चालतो. भोपाळजवळ भोजपूर येथे जे भव्य शिवमंदिर अपुरे राहिले आहे, ते परंपरेने याच राजाचे मानले जाते. तेथील खडकांवर मंदिराच्या भागांचे आराखडे रेखाटलेले आजही पाहावयास मिळतात. पाथरवटाने समोर पाहावे आणि घडवावे, अशी ती योजना.

परंतु याच ग्रंथात एक जागा अशी आहे की जी आमच्या प्रतिपादनाला अडचणीची ठरते. यंत्रांच्या प्रकरणात आकाशगामी व इतर अद्भुत यंत्रांचे वर्णन करून भोज त्यांची घडण सांगण्याचे टाळतो, आणि हे अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी, असे कारण देतो. कठीण भाग सोडून देणाऱ्या टीकाकारांवर कोरडे ओढणारा हाच लेखक! राजा म्हणून त्याला गुप्तता राखावी लागली असेल. किंवा ती यंत्रे कल्पनेतलीच असतील. काहीही असो, येथे अध्यापक मागे पडून राजा पुढे आला आहे. दोघे एका देहात नांदत असताना असे होणारच.

त्याच्या राज्यात इतर विद्वानांनीही काम केले. शुक्ल यजुर्वेदावरील आपले भाष्य उवटाने अवंतीत, भोज पृथ्वी शासीत असताना लिहिले, आणि तसे त्याने स्वतः नमूद केले आहे. धनपालाने तिलकमंजरी लिहिली ती भोजाच्या कुतूहलासाठी. लोकांत एक आख्यायिकाही चालते. भार वाहणाऱ्या माणसाला राजाने भार त्रास देतो का असे विचारले, आणि क्रियापद परस्मैपदी चालविले. तेव्हा भारापेक्षा तुमचे हे रूपच अधिक त्रास देते, असे तो म्हणाला. कथा इतिहासाची नव्हे. पण लोकांनी ज्या राजाला सर्वज्ञ मानले त्याच्याच वाट्याला ही चूक दिली, आणि ती सुधारण्याचा मान एका भारवाह्याला दिला, याचे आम्हांस कौतुक वाटते.

भोजाच्या मृत्यूनंतर राज्य मोडकळीस आले. पुढे उदयादित्याने ते सावरले आणि त्याच्यामागून नरवर्मा आला. त्यांच्या काळचे दोन लेख धार येथे, भोजशाळा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत आहेत. त्या वास्तूविषयीच्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. हे लेख सर्पबंधाच्या आकृतीत कोरलेले आहेत. सापाच्या वेटोळ्यांत वर्णमाला, नामांचे विभक्तिप्रत्यय आणि धातूंचे काळ व अर्थ यांचे प्रत्यय बसविले आहेत. उज्जयिनीच्या महाकाळ मंदिरात आणि निमाडातील ऊन येथेही असेच लेख आहेत. राजे आपल्या विजयाच्या प्रशस्ती दगडावर कोरवितात. येथे तिङ् प्रत्यय कोरले आहेत. मुलाने पोथी न उघडता खांबाकडे पाहावे, आणि प्रत्यय सापडावा.

पुढे तेराव्या शतकात अर्जुनवर्मा या परमार राजाचा गुरू मदन, ज्याला बालसरस्वती म्हणत, त्याने पारिजातमंजरी ही नाटिका रचली. तीत अर्जुनवर्मा हा भोजाचाच अवतार मानला असून, तिचा प्रयोग वसंतोत्सवात धारेतील शारदेच्या सदनात झाल्याचे सांगितले आहे. ही नाटिका कोरलेली शिला १९०३ साली धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांना सापडली. लेले यांचे काम शाळा तपासण्याचे. शिलालेख वाचणे त्यांच्या कर्तव्यात मोडत नव्हते. तरीही त्यांनी ठसे घेतले, वाचन केले आणि ते विद्वानांच्या हाती दिले. त्या शिलेवर चारांपैकी दोनच अंक आहेत. पुढचे दोन अंक दुसऱ्या शिलेवर असावेत. ती लेल्यांच्या हाती लागली नाही.