नारायण वामन टिळक आणि घरचें ऋण

कल्याणच्या स्टेशनांत आज माणसांचे जे लोंढे लोटतात, त्यांत उभें राहून तेथील जुनें खाडीकांठचें शहर डोळ्यांपुढें आणणें कठीण पडतें. तेथें आगगाडी सन १८५४ मध्यें आली. पुढें कांहीं वर्षांनीं कोंकणांतून आलेला एक ब्राह्मणाचा मुलगा त्या शहरांतील शाळेंत जाऊं लागला. त्याचें नांव नारायण वामन टिळक. त्याचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं ६ डिसेंबर १८६१ रोजीं झाला होता. ठाणें व कल्याणकडील आमच्या मंडळ्या दर रविवारीं टिळकांचीं भजनें गातात. परंतु त्यांचें बाळपण आपल्याच शेजारीं गेलें, हें फार थोड्यांस ठाऊक आहे.

त्यांच्या कवितेविषयीं आज आम्ही लिहीत नाहीं. त्यांच्या हातून एका माणसाचा मोठा अन्याय झाला. तें माणूस म्हणजे त्यांची पत्नी. त्या अन्यायाची भरपाई त्यांनीं कशी केली, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

वडील तापट होते. आईवर मुलाचा फार जीव. ती सन १८७३ मध्यें वारली आणि अकराबारा वर्षांच्या नारायणानें घर सोडून नाशिकची वाट धरली. तेथें त्यानें संस्कृत विद्या संपादिली. सन १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर गांवच्या गोखल्यांची मुलगी त्यास दिली. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेविलें. तिला अक्षरओळख नव्हती. माहेरीं सोंवळ्याओंवळ्याचा अंमल असा कडक होता, कीं लहानपणापासून तिच्या अंगीं तो भिनला होता. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

टिळक उदार होते, तसेच रागीट. हातांत आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकावा, एकाएकीं उठून कोठें तरी निघून जावें, मागें बायको काय खाईल ह्याचा विचार करूं नये, असा त्यांचा स्वभाव. मात्र पत्नीस लिहावयावाचावयास त्यांनींच शिकविलें. सन १८९३ मध्यें आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधून घेतलें. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

घरीं त्यांनीं कळविलें नव्हतें. लहानग्या दत्तूची आई माहेरच्या माणसांत होती, आणि जें व्हावयाचें तें होऊन गेल्यावर तिच्या कानीं आलें. त्या काळच्या ब्राह्मण घरांत ह्याचा अर्थ काय, हें आमच्या वृद्ध वाचकांस सांगावयास नको. धड सुवासिनी नाहीं, धड विधवा नाहीं, अशी तिची गत झाली. दुःखानें तिचें डोकें फिरावयाची वेळ आली. नातलगांनीं तिला पंढरपुरास नेऊन ठेविलें.

कित्येक चरित्रकार येथें घाईनें पुढें जातात. टिळकांनीं ख्रिस्तासाठीं सर्व सोडिलें, असें म्हटलें कीं झालें. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. ख्रिस्ताकडे जाणें योग्यच होतें. परंतु जिचा संसार त्या पावलानें मोडणार, तिला एक शब्दहि न सांगतां जाणें योग्य नव्हतें. कदाचित् तिला पाहिलें असतें तर आपला धीर सुटेल, अशी त्यांस भीति वाटली असेल. ती भीति आम्ही समजूं शकतों. तरी तिचें ऋण त्यांच्यावर राहिलेंच. वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास जाण्याची प्रभूची आज्ञा आमचे उपदेशक गांवोगांव शिकवितात. त्या भावांत बायको येते, म्हातारी आई येते, हें शिकवितांना मात्र पुष्कळांची जीभ अडखळते. आमच्याच मंडळ्यांत अशीं घरें आहेत.

आतां टिळकांस एक सोपी वाट मोकळी होती. सन १८६६ च्या कायद्यानें, ख्रिस्ती झालेल्या मनुष्याची पत्नी धर्मांतरामुळें नांदावयास येत नसेल, तर न्यायालयांत जाऊन तो विवाह रद्द करून घेण्याची सोय केली होती. ते तरुण होते, विद्वान होते, नगरास अमेरिकन मिशनच्या कामांत त्यांचें वजन वाढत होतें. त्यांनीं त्या वाटेस पाऊल टाकिलें नाहीं. ते पत्रें लिहीत राहिले आणि वाट पाहात राहिले. चार वर्षांहून अधिक काळ असाच गेला.

जक्कयानें घेतलेलें चौपट परत करावयाचें ठरविलें. परंतु पैसा चौपट करतां येतो, तशीं वर्षें करतां येत नाहींत. मग टिळकांनीं परत काय द्यावें? आमच्या मतें त्यांनीं तिच्यापासून जें काढून घेतलें होतें, नेमकें तेंच परत दिलें. स्वतःचें पाऊल टाकतांना त्यांनीं तिला विचारिलें नव्हतें. आतां तिचें प्रत्येक पाऊल तिनें ठरवावें, अशी मोकळीक त्यांनीं तिला दिली. ती आपल्या अटींवर नगरास आली. तिची चूल वेगळी राहिली, सोंवळें राहिलें, पूजाअर्चा राहिली. ज्या शिवाशिवीस टिळकांनीं स्वतः मूठमाती दिली होती, आणि जिच्याविरुद्ध ते लोकांत बोलत, तीच आपल्या घरांत त्यांनीं चालूं दिली. एका तापट मनुष्यास हें किती जड गेलें असेल! मिशनमधील आपल्या ख्रिस्ती बंधूंस काय वाटेल, ह्याचाहि विचार त्यांस सुटला नसेल. परंतु बाप्तिस्म्याची घाई त्यांनीं तिला केली नाहीं.

बंधन गळून पडलें तें तिच्याच विचारानें. जात देवानें केली कीं माणसानें, असा प्रश्न तिच्या मनांत उठला; त्याचें उत्तर तिनें स्वतःशींच शोधिलें आणि ज्याच्या त्याच्या हातचें खाण्यास ती मोकळी झाली. सन १९०० मध्यें तिनें बाप्तिस्मा घेतला. पुढें त्या घरांत पोरकीं मुलें आलीं, आश्रितांची वर्दळ राहिली, बालकवि ठोंबरे येऊन राहिले. टिळक सन १९०४ मध्यें पाळक झाले.

मात्र त्यांचा स्वभाव पालटून गेला, असें आम्ही लिहिलें तर तें खोटें होईल. राग पुष्कळदां उसळे, घरांतला पैसा बाहेर जाई, आणि लक्ष्मीबाई भांडत. फरक इतकाच कीं, आतां ती घरची बरोबरीची माणूस म्हणून भांडे, आणि तिचें बोलणें ऐकावें लागे.

टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत वारले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें होतें. लग्नांत जिला अक्षर येत नव्हतें, तिनेंच तें पुढें चालविलें आणि पुष्कळ अध्याय रचिले. शिवाय ‘स्मृतिचित्रें’ ह्या नांवानें तिनें दोघांच्या आयुष्याची हकीकत लिहिली; ती सन १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागली. पतीचा राग, त्याचें न सांगतां जाणें, पंढरपूरचे दिवस, कांहींएक तिनें झांकलें नाहीं. आणि तरी त्या पुस्तकांत त्याच्याविषयीं कडवटपणाचा एक थेंब सांपडत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तर ती त्याला हंसते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं ती वारली, तोंपर्यंत तिचें लिहिणें चालूंच होतें.